एवॉनची की मास्तरची

यंदा हिवाळा सरताना नदीवरचं बर्फ सरळ वाहून गेलं नाही. खालच्या वळणावर अडलं, मागचं पुढच्यावर चढलं आणि घराएवढाल्या लाद्या काठ खरवडत वर आल्या. तिखॉनची होडी काठावर पालथी घातलेली होती. बर्फ ओसरल्यावर जाऊन बघतो तर ॲल्युमिनियमचा पत्रा मधोमध दुमडलेला, पायाखाली सापडलेल्या डब्यासारखा. इंजिन घरात होतं म्हणून वाचलं.

तिखॉननं दुमडलेल्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला. त्याची बायको आगाफिया शेजारी उभी होती. ती म्हणाली, "हात फिरवून सरळ होणार नाही ती."

"दिसतंय मला."

"मग दुसरी बघ. सॅमन काय आपल्यासाठी समुद्रात थांबणार नाही."

आमच्याकडे रस्ते नाहीत. गावातून बाहेर जायचं तर नदी, सरपण आणायचं तर नदी आणि हिवाळाभर खायचं तेही नदीतूनच. होडी नसलेला माणूस हा पाय नसलेला माणूस. त्यातून अलीकडे मासे कमी झाले म्हणून मासेखात्याची माणसं नदी बंदच ठेवायची, मध्येच एखाद्या दिवशी काही तासांपुरती उघडायची आणि तेही आदल्या दिवशी रेडिओवर सांगायची. त्या तासांत ज्याचं जाळं पाण्यात, त्याचा हिवाळा.

पहिल्यांदा नदी उघडली तेव्हा आगाफिया जावेच्या, पारास्काच्या होडीतून गेली. तिखॉन गेला नाही. माणसं जास्त होतील म्हणाला. आगाफिया जाळं सोडायला पुढे सरकली तेव्हा पारास्का म्हणाली, "तू बस गं मध्ये. होडी डुगडुगते. आमच्या पोराला सवय आहे."

तीस उन्हाळे जाळं सोडलेली बाई जाळ्याच्या रिकाम्या पोत्यावर, गुडघे पोटाशी घेऊन बसली. डास तोंडावर येत होते, ते तेवढे मारले. परतल्यावर पारास्कानं तिच्या टोपलीत एक मोठा राजा सॅमन टाकला आणि वर चार-पाच हलके मासे, ज्यांना आम्ही कुत्र्यांचे मासे म्हणतो.

"दोघांना किती लागतंय," पारास्का म्हणाली. "तुमची फेक्ला तर सासरीच आहे."

"पुष्कळ झाले," आगाफिया म्हणाली. दिलेल्या माशाला नावं ठेवायची नसतात. पण घरी येऊन तिनं अर्धचंद्री सुरीनं ते मासे असे काही चिरले, की तिखॉन वाफेच्या न्हाणीघराच्या मागं जाऊन लाकडं फोडत बसला.

विकायला होड्या दोन होत्या. एक एवॉनची, याच गावात, पाचव्या घरापुढे. दुसरी खाली मोठ्या गावातल्या शाळामास्तरची. मास्तर दक्षिणेला आपल्या मुलखात परत निघाला होता. गंमत म्हणजे दोन्ही होड्या एकाच कारखान्याच्या, एकाच लांबीच्या, एकाच हिरव्या रंगाच्या, एकाच उन्हाळ्यात एकाच मालवाहू बार्जवरून आलेल्या. किंमतही दोघांनी सारखीच सांगितलेली.

"डोळे मीट आणि बोट ठेव," आगाफिया म्हणाली.

तिखॉन उठला. सुरी घेतली आणि एवॉनकडे निघाला. आगाफिया मागोमाग गेली, कारण नवऱ्याला ती ओळखून होती.

एवॉन हा तिखॉनचा मामेभाऊ. मामे-आतेभावांनी एकमेकांची टर उडवायची हा आमच्याकडे हक्कच आहे. त्यात रागवायचं नसतं, रागावला तो हरला. लहानपणापासून दोघं एकमेकांची सालटी काढत आलेले. एवॉनची बायको वारली, तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालासुद्धा एवॉननं तिखॉनच्या चालण्याची नक्कल करून लोकांना हसवलं होतं.

तो दारापुढे पालथ्या बादलीवर बसला होता. पाय सुजलेले, बुटांचे बंद सोडलेले. त्याच्या किडन्या गेल्या होत्या. शहरात जाऊन ठरल्या दिवशी मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायचं, एवढाच इलाज. ते मशीन इथं कुठून येणार? पुतणीनं तिकडे खोली बघून ठेवली होती. इंजिन त्यानं पुतण्याला देऊन टाकलेलं. होडी तेवढी राहिली होती. 'थोडे दिवस जाऊन येतो' असं तो सगळ्यांना सांगायचा. आमच्याकडून शहरात उपचाराला गेलेली माणसं सगळी थोड्याच दिवसांसाठी गेलेली आहेत.

तिखॉन होडीभोवती फिरला. सुरीच्या मुठीनं पत्रा जोडणारा एकेक रिबीट ठोकून कान लावला.

"नवरी बघायला आलायस का रे?" एवॉन म्हणाला. "दात पण मोजून घे."

"रिबीट ढिले झालेत."

"गुडघे तुझेपण ढिले झालेत. बायकोनं परत केलं का तुला?"

आगाफिया हसली. तिखॉन वाकून मागची फळी, जिथं इंजिन बसतं ती, अंगठ्यानं दाबत होता. "फळी ओली लागतेय."

"आत्याच्या पोरा, ती नदीत असते. नदी ओली असते."

"तळाला इथं पोचा आहे."

"तो तूच पाडलास. दारू प्यायलेला होतास आणि खडक दिसला नाही तुला. मी म्हटलं होतं खडक आहे, तू म्हणालास सील आहे."

आता आगाफियासुद्धा मोठ्यानं हसली. पण तिखॉन हसला नाही आणि उलट टोलाही त्यानं दिला नाही. ते तिला खटकलं. त्यानं सुरी खिशात घातली. "बघतो," म्हणाला. "मास्तरची पण बघितली पाहिजे."

एवॉनचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. मग तो म्हणाला, "बघ की. बघायला काय जातंय."

मास्तरची होडी बघायला जायचं तर होडी पाहिजे. पारास्काकडे मागायला आगाफिया तयार नव्हती. शेवटी तिखॉननं आपलं इंजिन खांद्यावरून आणलं आणि एवॉनच्याच होडीच्या मागच्या फळीला अडकवलं. ही त्याला ओली लागली होती तीच फळी. एवॉन म्हणाला, मलाही दवाखान्यात जायचंय, मी येतो. तेव्हा इंजिन यांचं, होडी त्याची आणि तिघं निघाले दुसरी होडी बघायला.

वाटेत पाऊस लागला. बारीक, आडवा, समुद्राकडून येणारा. आगाफियानं मेणकापड डोक्यावर ओढलं. होडी लाटांवरून नीट कापत चालली होती, तळ कुठं कुरकुरत नव्हता, पायाशी पाण्याचा थेंब नव्हता. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून समोर बघत होता, जणू या होडीत आपण बसलोच नाही.

मास्तर उंच, भला माणूस. पावसात बोडक्या डोक्यानं काठावर आला, ताडपत्री काढून दिली आणि बाजूला उभा राहिला. होडी खरोखर जुळी बहीण होती. फक्त हिला माणसाचा हात लागलेला नव्हता. बाकांवर माशांचे खवले नव्हते, कडांना जाळ्याच्या दोरीचे घासे नव्हते. मास्तर शरद ऋतूत दोनदा बदकं मारायला जायचा, तेवढंच काय ते तिचं काम.

तिखॉननं पुन्हा ठोकाठोकी केली. एवॉन एका हातानं कड धरून तिच्याभोवती हळूहळू फिरला. दोन ठिकाणी दम खायला थांबला. मग म्हणाला, "चांगली आहे."

तिखॉननं वर बघितलं.

"माझ्या होडीपेक्षा चांगली आहे," एवॉन म्हणाला. टर नव्हती त्यात. "रिबीट घट्ट आहेत. फळी कोरडी. ही घे."

"हिची पुढची नाळ जरा..." तिखॉन म्हणाला.

"नाळेला काय झालंय?" आगाफियानं विचारलं.

"जरा उंच वाटते."

"एकाच साच्यातली आहे ती! त्या होडीची उंच नाही, मग हिची कशी उंच असेल?"

मास्तर संकोचानं म्हणाला, "मला दोन-तीन दिवसांत निघायचंय. वरच्या गावातला एक जण पण विचारत होता. तुम्ही पहिले आलात म्हणून..."

"सांगतो," तिखॉन म्हणाला.

"केव्हा?"

"सांगतो ना."

 परतताना एवॉन पुढच्या बाकावर पाठ करून बसला होता. एरवी या वळणाला तो तिखॉनला त्या खडकावरून, त्या सीलवरून हमखास चिडवायचा. आज वळण आलं आणि गेलं.  कडेला लोकांच्या मासे सुकवायच्या तळांवर उंच दांड्यांना माशांच्या लाल फोडी लटकत होत्या, धुराच्या खोल्यांतून निळा धूर निघत होता आणि तिची खोली थंड होती. तिला वाटलं, दोघांनाही एकेक धक्का द्यावा आणि होडी आपणच न्यावी.

मास्तर निघाला तरी तिखॉन काही मोठ्या गावाला गेला नाही. होडी वरच्या गावातल्या माणसानं नेली. ही बातमी पारास्कानं आणली, चहा प्यायली, कडक बिस्किटं चहात बुडवून खाल्ली आणि जाताना म्हणाली, "चांगल्या वस्तू थांबत नाहीत गं कुणासाठी."

आगाफियाला वाटलं, चला, एक फाटा गेला. आता एवॉनचीच घ्यायची, दुसरी आहेच कुठं? ती अंगणात गेली. तिखॉन धुराच्या खोलीत रिकाम्या दांड्या पुसत बसला होता. आधी पुसलेल्याच दांड्या.

"मास्तरची गेली," ती म्हणाली.

"ऐकलं."

"मग आज एवॉनला सांगून टाक."

त्यानं दांडी फिरवली. "वरच्या ओढ्यावर जुना याकॉव लाकडी होडी बांधतो म्हणतात."

आगाफियानं हातातली बादली खाली आपटली. "याकॉव म्हातारा आहे! तो होडी बांधेपर्यंत बर्फ परत येईल. कसली माणसं तुम्ही? आधी ही की ती, आता ही नाही न् ती नाही! पारास्का मला कुत्र्यांचे मासे देते आणि मी आभार मानते. मी! तिच्या नवऱ्याला जाळं विणायला मी शिकवलं. फेक्लाची पोरं निरोपावर निरोप पाठवतात, आजी, सुके मासे कधी पाठवतेस. काय पाठवू? या दांड्या?"

"ओरडू नकोस."

"ओरडणार. तुला होडी घ्यायचीच नाहीये. सांग, फेक्लाच्या बापा, घ्यायची आहे का तुला?"

तिखॉन उठला. छप्पर बुटकं, त्याचं डोकं आडव्या दांडीवर आपटलं. कपाळ धरून तो ओरडला, "ती घेतली की तो गेला!"

मग तो पुन्हा खाली बसला.

"होडी आहे तोवर त्याला परत यायला काहीतरी आहे," तो हळू म्हणाला. "होडी विकली की मग काय? चार भिंती आणि बायकोची कबर."

"मग मास्तरची का नाही घेतली?"

"ती घेतली असती तर त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. बघितलंस ना त्याचं तोंड?"

आगाफियाचा राग गेला नाही. इतके दिवस हा मनात हे घेऊन रिबीट ठोकत फिरत होता आणि ती मात्र पोत्यावर बसत होती, यानं उलट वाढलाच. ती म्हणाली, "आणि न घेतल्यानं त्याच्या किडन्या परत उगवणार आहेत का?"

 त्याच्या कपाळावर लाल वळ उठला होता. तिनं बादली उचलली आणि तडक पाचव्या घरी गेली.

एवॉन आत खाटेवर पडला होता. कोपऱ्यात देवाच्या तसबिरीपुढचा दिवा लावलेला. तिला बघून तो उठायला लागला.

"पडून राहा. तुझी होडी मी घेतेय."

"त्यानं पाठवलं?"

"नाही."

"मग बरं." तो पुन्हा आडवा झाला. छताकडे बघत म्हणाला, "तुला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी बघून गेला ना, त्याच्या आधीच तो येऊन गेला होता माझ्याकडं. म्हणाला, विकू नको. पालथी घालून ठेव, मी राखतो. बर्फ आलं तर वर ओढीन."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, स्वतःची राखता आली नाही तुला." एवॉन हसला, मग खोकला आला. "खरं सांगू का आगाफिया? काठावर वर्षानुवर्षं पालथी पडलेली होडी कुणाची असते? मेलेल्या माणसाची. पोरं तिच्यावर चढून घसरगुंडी करतात. माझी पाण्यात पाहिजे. तिच्यात रक्त पाहिजे, खवले पाहिजेत, तुम्ही दोघं भांडत असलेले पाहिजेत. हे त्या गाढवाला सांगितलं तर म्हणतो, बघू."

"सगळ्यालाच बघू म्हणतो तो."

"मी मास्तरची चांगली म्हणालो ते चिडून. तिची फळी कोरडी होती, पण कोरडी राहून काय उपयोग?"

त्या दुपारी आगाफियानं पारास्काच्या पोराला हाताशी घेतलं आणि होडी आपल्या घाटावर आणून बांधली. तिखॉन दारातून बघत राहिला. जेवायला हाक मारली तेव्हा आला, संध्याकाळी जाऊन मात्र होडीच्या नाळेला नवी दोरी बांधून आला. ती गाठ त्यानं दोनदा सोडून बांधली.

एवॉनचं निघणंही सरळ झालं नाही. पहिल्या दिवशी आम्ही सगळे धावपट्टीवर गेलो. बायका रडल्या, पुरुषांनी हात मिळवले, तिखॉन बोचकं धरून उभा राहिला. ढग उतरले आणि विमान आलंच नाही. निरोप घेतलेला माणूस आमच्याबरोबर चालत घरी आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रडायचं तर कालच झालेलं, बोलायला कुणाकडे काही उरलेलं नव्हतं. तिखॉन दोन्ही दिवस तोंड उघडत होता आणि मिटत होता. एवॉन म्हणाला, "आता तिसऱ्यांदा येऊ नका रे बाबांनो. मलाच लाज वाटायला लागलीय."

त्याच संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की उद्या नदी उघडणार. आणि विमान कंपनीचाही निरोप आला की उद्या हवा मोकळी दिसतेय, दुपारी विमान येईल.

तिखॉन एवॉनकडे गेला, आगाफियाही गेली. तिखॉन म्हणाला, "आम्ही धावपट्टीवर येऊ. मासे पुढच्या वेळी."

"पुढची वेळ आहे हे तुला खात्यानं कानात सांगितलं का?" एवॉन खाटेवर बसूनच ओरडला. "मला हात दाखवायला थांबाल आणि हिवाळ्यात काय खाल? माझा हात? जा, जाळं तपास. आणि आलास धावपट्टीवर, तर सगळ्यांपुढे सांगेन तू लग्नाच्या रात्री काय केलंस ते."

"काय केलं होतं?" आगाफियानं विचारलं.

"झोपला होता."

तिखॉन हसला नाही, पण उंबऱ्यावर थोडा वेळ रेंगाळला. मग जाळं तपासायला गेला.

दुसऱ्या दिवशी हवा लख्ख मोकळी होती. नदी उघडायच्या आधीच पंधरा-वीस होड्या रांगेनं उभ्या होत्या, नाळा प्रवाहाकडे करून. वेळ झाली तशी सगळ्यांची जाळी एकदम पडली. आगाफियानं जाळं सोडलं, तिखॉननं इंजिन धरलं, जाळ्याला बांधलेले लाकडी बोये पाण्यावर एकापाठोपाठ एक बसत गेले. होडी जाळ्याबरोबर वाहायला लागली. पहिलाच बोया बुडाला, मग दुसरा. मासे लागायला लागले होते.

आणि जाळं अडकलं. तळाशी कुठलं तरी झाड, यंदाच्या बर्फानं उपटून आणलेलं. होडी गचका खाऊन फिरली.

"सोड, सोड, ढील दे!"

"ढील कुठली, संपलंय सगळं!"

"वरच्या अंगानं घे मग!"

"घेतोय, दिसत नाही का?"

शेजारच्या होड्या वाहत पुढे गेल्या. पारास्काचा पोरगा हात हलवून काहीतरी ओरडला. तिखॉन वळून वळून प्रवाहाच्या वर गेला, ओढून बघितलं, पुन्हा खाली आला. जोर लागेना म्हणून शेवटी दोघांनी जागा बदलल्या, आगाफियानं इंजिन धरलं आणि तो नाळेवर गुडघे टेकून जाळं ओढायला लागला. दोरी तळव्यात रुतली. आगाफिया त्याला, नदीला, झाडाला आणि खात्याला एका दमात शिव्या देत होती. सूर्य सरकत होता. एवढे दिवस वाट बघितली ती या लाकडाला बांधून राहायला का?

कर्रकन काहीतरी फाटलं आणि जाळं सुटलं. एक हातभर भोक घेऊन वर आलं, पण त्याच्याबरोबर राजा सॅमनही आला, तिखॉनच्या मांडीएवढा, जाळ्यात गुंडाळलेला, शेपटीनं पत्र्यावर दणादण आपटत. त्याच्यामागं दुसरा. तिखॉननं दोन्ही हात जाळ्यात घातले.

तेव्हा विमान उठलं. गावामागून वर आलं, झुडपांवरून तिरकं झालं आणि नदीवर आलं. इतकं खाली होतं की पोटाखालची चाकं दिसत होती. काठाकाठानं, होड्यांच्या वरून चाललं होतं. आतलं माणूस दिसत नव्हतं. काचेवर ऊन होतं.

तिखॉननं मान वर केली. हात काढता येत नव्हते. एका हातात माशाचे कल्ले, दुसऱ्यात ताणलेली दोरी. सोडलं तर मासाही गेला आणि जाळंही. दोन दिवस धावपट्टीवर जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता निघालं.

"ए सुजक्या!" तो बोंबलला. "ए हत्तीपाया! तुझ्या होडीला भोकं आहेत! रिबीट ढिले आहेत तुझे! फसवलंस मला, लबाडा! परत ये आणि पैसे दे! ऐकतोस का? परत ये!"

शेजारच्या होड्यांतली माणसं बघायला लागली. कुणी हसलं, मग हसायचं थांबलं. विमान वळणापलीकडे गेलं, आवाज टुंड्रावर बराच वेळ घुमत राहिला आणि मग नदीच्या आवाजात मिसळला. तिखॉन तोंड उघडं ठेवून अजून तिकडेच बघत होता. माशाचं रक्त त्याच्या मनगटावरून बाहीत चाललं होतं.

आगाफियाला खूप काही म्हणायचं होतं. हे आधी त्याच्या तोंडावर ओरडला असतास तर? एवढे दिवस गेले नसते तर? तिनं इंजिनाचा दांडा घट्ट धरला आणि नाळ प्रवाहाकडे फिरवली.

"ओढ," ती म्हणाली. "वेळ थोडा राहिलाय."

त्यानं ओढलं.